मिक्सर चालू असताना

डोंगरे साहेबांच्या हातात कोणताही कागद दिला, की ते तो आधी वाचत नसत. अंगठा आणि तर्जनीत धरून चोळत, मग उजेडाकडे धरत, मग कागदाचं वजन सांगत, "सत्तर जीएसएम. बरा आहे." त्यानंतर चष्मा कपाळावरून खाली यायचा. लग्नाची पत्रिका असो, विजेचं बिल असो, नाहीतर डॉक्टरांचा रिपोर्ट, आधी कागदाची परीक्षा. माझ्या शुगरचा रिपोर्ट हातात घेऊन या माणसाने मला सांगितलं होतं, "मंगलताई, लॅब चांगली आहे. कागद जाड वापरतात." शुगर किती आली ते त्यांनी मी दोनदा विचारल्यावर बघितलं.

त्यांची सगळी नोकरी कागदाच्या मिलमध्ये गेली. चांदनी स्टेशनच्या पुढे मिलची कॉलनी आहे, तिथे महाराष्ट्रातून आलेली पुष्कळ घरं, त्यातलंच हे एक. मूळचे अकोल्याकडचे. मिलमध्ये ते पर्सनल खात्यात होते. म्हणजे नोकरीसाठी जे अर्ज यायचे ते उघडायचे, वाचायचे आणि कुणाला बोलवायचं ते ठरवायचं. रिटायर झाल्यावर बुऱ्हाणपुरात शनवाऱ्याच्या गेटमागच्या गल्लीत घर घेतलं, अगदी माझ्या घरासमोर. माझं फॉल-पिकोचं मशीन खिडकीशी आहे आणि त्यांचा ओटा खिडकीसमोर. त्यामुळे त्यांच्या ओट्यावर जे काही घडलं ते मी साड्यांना फॉल लावता लावता पाहिलेलं आहे. कान टवकारून ऐकलंय म्हटलं तरी चालेल, मला काही लाज नाही.

ओट्यावर एक वेताची खुर्ची, त्यात साहेब, हातात चहाची बशी. कप कधी तोंडाला लावला नाही, बशीतच ओतून प्यायचे. आणि समोर पायरीवर नोकरी शोधणारं कुणीतरी. हे कसं सुरू झालं ते त्यांनाही आठवत नसे. कोणी बायोडाटा म्हणायचं, कोणी रिझ्यूम, कोणी सीव्ही. साहेब सगळ्याला एकच म्हणायचे, कागद. "कागद आणलास? दाखव."

पहिला प्रश्न मात्र शिक्षणाचा नसायचा. पहिला प्रश्न, "कुणाला पाठवायचाय?"

समोरचा म्हणायचा, "कंपनीला."

"कंपनीला डोळे नसतात बाबा. वाचणारा कोण? दुपारी जेवणाच्या आधी, पोटात कावळे ओरडत असताना एक माणूस तुझा कागद उचलणार आहे. मी तोच माणूस होतो. त्याला डब्यापर्यंत पोचायची घाई असते. तू त्याच्या वाटेत किती उभा राहणार, ते ठरव."

मग प्रकार ठरायचा. कागदाचे प्रकार तीन, असं ते सांगत. त्यांची इंग्रजी नावं असतील, पण ओट्यावर ती कधी ऐकली नाहीत. एक जिना, एक डबा आणि एक थाळी. ज्याची नोकरी एकामागून एक वर चढत गेली त्याने जिना मांडायचा, शेवटची पायरी सगळ्यात वर, तारखांसकट. जो दहा ठिकाणी राबला, त्याने तारखा नंतर सांगायच्या. आधी मसाल्याचा डबा उघडायचा, मला हे येतं, मला हे येतं. आणि ज्याच्याकडे दोन्ही आहे त्याने थाळी वाढायची, थोडं हे, थोडं ते. "पण थाळी सगळ्यांना वाढता येत नाही," असं वर ऐकवायचे. "वाढपी चांगला नसला की सगळं एकमेकांत कालवतं."

बोलायला तिखट. एकदा इंजिनिअर झालेला एक मुलगा आला. रंगीत कागद, डाव्या बाजूला निळी पट्टी, त्यात स्वतःचा गोल फोटो आणि खाली चांदण्या. नेतृत्वाला पाच चांदण्या, संवादाला पाच.

साहेबांनी विचारलं, "या चांदण्या कोणी दिल्या?"

"सर, ते टेम्प्लेटमध्येच असतं. आपण भरायच्या."

"म्हणजे तूच तुला दिल्यास. मग हात का आखडता घेतलास? सात द्यायच्या."

मुलगा हिरमुसला. साहेबांना त्याचं काही वाटलं नाही. दुसऱ्या एका मुलीने लिहिलं होतं, मी मेहनती आहे. तिला म्हणाले, "बाजारात बैल विकताना असं सांगतात. तू काय केलंस ते लिही, मेहनती आहेस का ते वाचणारा ठरवेल." मला कधी कधी वाटायचं, या माणसाला जरा गोड बोलता आलं असतं तर काय बिघडलं असतं? 'छान' हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नाही. फार फार आवडलं तर म्हणायचे, "चालेल." त्या एका 'चालेल'साठी पोरं चार-चार वेळा कागद बदलून आणायची.

पण माणूस ओळखण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. आमच्या मागल्या मोहल्ल्यातले इस्माईलभाई, पॉवरलूमवरचे मिस्त्री. लूम बंद पडले, आज इथे, उद्या तिथे असं करत त्यांनी कुठे कुठे कामं केली. त्यांच्या मुलाने तारखांचा कागद बनवला होता. तो वाचला तर वाटे, हा माणूस कुठेच टिकत नाही. साहेबांनी कागद चोळला, वाचला आणि बाजूला ठेवला. "भाई, आपका जिना नहीं है. डबा खोलो. बंद पडलेला लूम समोर आणून ठेवला तर काय काय कराल?" इस्माईलभाई बोलायला लागले ते चहा दोनदा गार झाला तरी थांबले नाहीत. त्यातून जो कागद झाला त्यावर त्यांना सुरतेला काम लागलं. पुढे दर ईदला शीरखुर्म्याचं पातेलं समोरच्या घरात यायचं. डायबिटीस असून साहेब दोन वाट्या खायचे आणि काकूंची बोलणी खायचे.

काकू म्हणजे शालिनीकाकू. आता मिक्सरचं सांगते, कारण त्याच्याशिवाय डोंगरे साहेब सांगून होत नाहीत.

कागद तयार झाला की तो लगेच पाठवायचा नाही. तो काकूंना ऐकवायचा. आणि काकू रिकाम्या बसलेल्या असताना नाही, मिक्सरवर शेंगदाण्याची चटणी वाटत असताना. त्या मिक्सरचं झाकण तडकलेलं होतं, ते तळहाताने दाबून धरावं लागे, नाहीतर चटणी छताला. काकूंचा एक हात झाकणावर, मिक्सर घरघरतोय, आणि साहेब स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून खणखणीत आवाजात कागद वाचताहेत. इंग्रजी कागद असला तरी तो मराठीत करून वाचायचे. म्हणायचे, जे वाक्य मराठीत पायावर उभं राहत नाही ते इंग्रजीतही पोकळच असतं. वाचून झालं की मिक्सर बंद. "काय ऐकलंस?"

काकू म्हणायच्या, "पोराने दवाखान्यात काम केलंय. रात्रपाळी केलीय. बाकी काही तरी भाराभर होतं, ते नाही कळलं."

ते भाराभर सगळं खोडलं जायचं. काकूंना जे ऐकू आलं तेवढंच कागदावर उरायचं. मी एकदा म्हटलं, "साहेब, ही काय पद्धत झाली?" तर म्हणाले, "मंगलताई, माझ्या ऑफिसात टाइपरायटर चालू, फोन चालू, कोणीतरी रजेसाठी डोक्यावर उभा. त्यात मी अर्ज वाचायचो. शांत खोलीत बसून तुमचा कागद कोणी वाचणार आहे असं वाटतं तुम्हाला?"

त्यांचा मुलगा पुण्याला, मोठ्या कंपनीत. तो एकदा आला तेव्हा म्हणाला, "बाबा, आता कागद कोणी हातात धरत नाही. आधी कॉम्प्युटर वाचतो, त्याला पटलं तर पुढे जातो." साहेबांनी बशीत चहा ओतला. मुलगा परत गेल्यावर मात्र ओट्यावर बसून मला म्हणाले, "कॉम्प्युटरने वाचून झाल्यावर शेवटी एका माणसाच्याच पुढ्यात जाणार ना? तो भुकेलाच असेल." सख्ख्या मुलाने त्यांना कधी आपला कागद दाखवला नाही, याचं त्यांना वाईट वाटत होतं, ते मला त्या दिवशी कळलं.

आणि मग काकू गेल्या. सकाळी अंगणात पाणी मारत होत्या, दुपारी नव्हत्या. साहेब रडले नाहीत, निदान माझ्यासमोर नाही. ओट्यावर बसणं तसंच राहिलं, बशीतला चहाही. पण कोणी कागद घेऊन आलं की म्हणायचे, "मिक्सर बंद आहे." नवख्याला काही कळायचं नाही. ज्याला कळायचं तो मुकाट परत जायचा. ओटा सुनासुना झाला आणि माझं शिवणात लक्ष लागेना.

याच दिवसांत माझी भाची वैशाली माझ्याकडे राहायला आली. माझा भाऊ प्रकाश जसोंडीला असतो, केळीची बाग आहे. वैशाली त्याची थोरली. इथल्या कॉलेजात बीएस्सी झाली, वर्षभर एका केळीच्या पॅकहाऊसमध्ये काम केलं, मग वहिनीच्या आजारपणात घरी बसली. वहिनी बरी झाली, आणि प्रकाशने जाहीर करून टाकलं, "आखाजीपर्यंत नोकरी शोध. आखाजीला नोकरी हातात नसली तर मी पाहतो तिथं हो म्हणायचं." आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया. रावेरकडचं एक स्थळ आलेलंच होतं. माणसं चांगली होती, हे खरं. पण पोरीला आत्ता लग्न नको होतं. तिला स्वतःच्या पायावर उभं राहायचं होतं आणि आखाजी तोंडावर आली होती. इच्छापूरच्या रस्त्यावर केळी बाहेर पाठवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी सुपरवायझरची जागा निघाली होती. तेवढी एकच जागा तिच्या हातातली.

मी तिला घेऊन समोर गेले. साहेब म्हणाले, "मिक्सर बंद आहे."

मी म्हटलं, "मिक्सर बंद असेल, डोळे तर चालू आहेत ना? नुसतं बघा. मी शेजारधर्माने सांगते, नाही बघितलंत तर उद्यापासून तुमच्या शर्टाची बटणं तुम्हीच लावा."

त्यांनी हात पुढे केला. कागद चोळला, उजेडाकडे धरला, वाचला. मैत्रिणीने सांगितल्याप्रमाणे वैशालीने डबा मांडला होता. मला हे येतं, मला ते येतं. तारखा एका कोपऱ्यात बारीक.

"दीड वर्ष कुठे गेलं?"

वैशाली माझ्याकडे बघायला लागली. "अंकल, वो गॅप है ना, म्हणून तर स्किलवाला घेतला. सब लोग असाच लपवतात."

"लपवायला डबा नसतो. डबा उघडायला असतो. दीड वर्ष काय करत होतीस?"

"काही नाही. घरीच होते."

"घरी काय करत होतीस?"

"आई दवाखान्यात, पप्पा तिच्याजवळ. मग बाग मीच बघत होते. कटाईची टोळी लावायची, घड बघायचे, गाडी भरून द्यायची. घरचंच."

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "आणि जागा कशाची आहे? घड बघायचीच ना? मुली, ज्या कामासाठी ते माणूस शोधताहेत तेच काम तू दीड वर्ष केलंस, आणि तेच खोडून बसलीस. तुझा जिना आहे. ती पायरी सगळ्यात वर घाल."

बसून त्यांनी तिच्याकडून जिना करून घेतला. माहिती विचारायला कुणाचा फोन नंबर द्यायचा, तर वैशाली म्हणाली पप्पांचा. "बापाची साक्ष चालत नाही," साहेब म्हणाले. "मुकादमाचा दे." कागद झाला. पण देताना म्हणाले, "हा कच्चा आहे. कोणी ऐकलेला नाही. पाठवू नकोस एवढ्यात."

पण पोरीला दम कुठला? अर्जाची मुदत संपत आलेली, आणि त्यातच जसोंडीहून प्रकाशचा फोन, लग्नाचा बायोडाटा बनवून पाठव, पंढरीनाना मागताहेत. पंढरीनाना म्हणजे आमच्याकडे सोयरिकी जुळवणारे गृहस्थ. गेटजवळच्या कॉम्प्युटरवाल्याकडे बसून तिने एकाच दुपारी दोन्ही टाइप करून घेतले. दोन्हींचं नाव बायोडाटाच. फोनवरून एक पाठवला कंपनीला, एक नानांना. आणि पाठवले ते उलटे.

म्हणजे झालं काय, की केळीच्या कंपनीत गेला श्री गणेशाय नमः, वर्ण गव्हाळ, रास कन्या, मामाकुळ रावेर, अपेक्षा निर्व्यसनी. आणि रावेरला मुलाच्या घरी बैठकीत वाचला गेला तो साहेबांचा जिना. इंग्रजीतला तो कागद मुलानेच सगळ्यांना समजावून सांगितला. टोळीवर देखरेख केली. माल तपासला. खराब माल नापास करून परत पाठवला.

तिसऱ्या दिवशी प्रकाश मोटरसायकलवरून तडक माझ्या दारात. चप्पलही काढली नाही. "ताई, त्या तुझ्या साहेबानं माझी इज्जत घालवली. नानांचा फोन आला. मुलाची आई विचारतेय, मुलगी माल नापास करते म्हणजे नक्की काय करते? आमच्या पोराला येऊन नापास करणार काय?"

मी पदर तोंडाला लावला. हसू आवरेना हो. पण आत वैशालीचा चेहरा बघितला आणि माझं हसू विरलं. तिला तेव्हाच कळलं होतं, की नानांकडे हा गेला तर कंपनीकडे कोणता गेला असेल. ती तशीच समोरच्या ओट्यावर पळाली. मागून प्रकाश, प्रकाशमागून मी.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. प्रकाशचं चढ्या आवाजातलं आणि वैशालीचं हुंदके देत. मग म्हणाले, "कंपनीला गेला तो कागद दाखव." तिने पिशवीतून काढला. चोळला, उजेडाकडे धरला आणि अगदी शांतपणे शेवटपर्यंत वाचला. "सुंदर आहे," ते म्हणाले.

मी चाटच पडले. 'चालेल'च्या वर कधी न गेलेला माणूस.

"बघा ना, प्रकाशराव. वाचणाऱ्याला जे पाहिजे तेच, त्याच्याच क्रमाने. उंची, शिक्षण, मामाकुळ. एक शब्द फालतू नाही. आपल्या बायाबापड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घासून घासून हा प्रकार बनवलाय. नोकरीचे कागद मला कधी इतके नीट आले नाहीत." मग वैशालीकडे वळले. "आता कंपनीला दुसरा कागद जाईल. पहिल्या ओळीत चूक कबूल करायची, आधीचा कागद चुकून आला. दुसऱ्या ओळीपासून काम. चुकीवर तिसरी ओळ लिहायची नाही. पण त्याआधी हा कागद ऐकवायला पाहिजे."

ते उठून आत गेले. मिक्सर पुसला, त्याच्याकडे बघत उभे राहिले. मग भांड्यात शेंगदाणे, लसूण, मिरची टाकली. "प्रकाशराव, जरा इकडे या. हे झाकण दाबून धरा. सोडलंत तर चटणी छताला."

माझा भाऊ भांडायला आला होता. पण वयाने मोठ्या माणसाने काम सांगितलं की आमच्याकडे हात आपोआप पुढे होतो. त्याने झाकण दाबून धरलं, आणि एकदा धरल्यावर सोडायची सोय नव्हती.

मिक्सर घरघरायला लागला. साहेब दारात, काकूंच्या वेळी उभे राहायचे तिथेच उभे राहिले आणि खणखणीत आवाजात वाचायला लागले. वैशाली प्रकाश पाटील. घरची केळीची बाग, जसोंडी, आईच्या आजारपणात दीड वर्ष. कटाईच्या टोळीला रोज काम नेमून दिलं. घड पाहून पास-नापास केले. गाड्या भरून व्यापाऱ्याकडे रवाना केल्या. मग पॅकहाऊसची नोकरी, मग कॉलेज. वाचून झालं तसं त्यांनी बटण बंद केलं.

"काय ऐकलं?"

प्रकाशचा हात झाकणावरच होता. तसाच म्हणाला, "गाड्या हिनं भरल्या."

"अजून?"

"टोळी हिनं सांभाळली. खरं आहे ते. पण साहेब, यात वादळ नाही आलं."

"कुठलं वादळ?"

"मी इंदूरला होतो, हिच्या आईचं ऑपरेशन. मागं वारा आला, निम्मी बाग झोपली. मी फोनवर म्हटलं, राहू दे बेटा, गेलं ते गेलं. हिनं आडव्या झाडांवरचे घड गोळा करून त्याच दिवशी चिप्सवाल्याकडे पाठवले. मला सांगितलंसुद्धा नाही. मी आल्यावर मुकादम बोलला."

"मग तुम्ही हिला काय म्हणालात?"

"काय म्हणणार? घरचंच काम ना, साहेब."

असं म्हणाला आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. मी त्याची थोरली बहीण आहे, मला त्याचा चेहरा कळतो. वैशाली दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, तिने खाली मान घातली. मला भरून आलं. पोरीला नोकरीइतकीच याचीही भूक होती, आणि ते तिलाही ठाऊक नव्हतं.

साहेबांनी खिशातून पेन काढलं. "तुम्ही सांगा, मी लिहितो. बापाची साक्ष चालत नाही म्हणालो होतो. पण बापाने ऐकलेलं चालेल." आणि वादळाची ओळ जिन्याच्या वरच्या पायरीवर गेली.

चटणी डब्यात भरताना मी हळूच विचारलं, "आणि आखाजीचं काय रे, प्रकाश?"

तो हात धूत होता. मागे न बघता म्हणाला, "आखाजी काय, दरवर्षी येते."

कंपनीने बोलावलं. मॅनेजरच्या टेबलावर म्हणे दोन्ही कागद शेजारी शेजारी होते. त्याने पहिलाच प्रश्न केला, "मामाकुळ रावेरचं का? आम्हीपण रावेरचेच." दुसरा प्रश्न, "आमच्याकडे सगळे निर्व्यसनी नाहीत, चालेल का?" आणि तिसरा वादळाचा. त्यावर ती किती वेळ बोलली कोण जाणे. मुकादमालाही फोन गेला. तो म्हणाला, पोरीनं घड नाकारला की आम्ही वाद घालत नव्हतो. नोकरी लागली ती आखाजी उलटून गेल्यावर. आखाजीला ती जसोंडीला झोके घेऊन, सांजोऱ्या खाऊन आली, आणि कोणी काही विचारलं नाही. रावेरकडच्यांनी नकार कळवला. मुलाची आई नानांजवळ म्हणाली म्हणे, मुलगी कामाची होती, आमच्याच पोराला झेपली नसती.

त्यानंतर समोरचा मिक्सर पुन्हा सुरू झाला. झाकण धरायला साहेब रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही हाक मारायचे. भाजीवाला, पोस्टमन, मी तर होतेच. सगळ्या गल्लीला नोकरीचे कागद ऐकायची सवय लागली आणि सगळ्यांच्या घरी शेंगदाण्याची चटणी. चटणी काकूंच्या हातची नव्हती, मीठ नेहमी जास्त. कोणी बोलून दाखवलं नाही.

दिवाळीनंतर त्यांचा मुलगा न्यायला आला. एकट्याने राहायचं वय नव्हतं आता, त्याचंही बरोबर होतं. आम्ही सगळे स्टेशनवर गेलो. प्रकाश जसोंडीहून केळी घेऊन आला होता. मुलाने फोनवर तिकीट दाखवलं तेव्हा साहेबांनी काचेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "याला चोळणार तरी काय?" मिक्सर त्यांनी माझ्याकडे दिला होता. पुण्याच्या सुनेकडे चांगला होता म्हणे. पुढचं वर्ष त्यांनी पाहिलं नाही. ते पुण्यालाच गेले, बातमी आम्हाला फोनवर कळली. म्हणून माझ्या डोळ्यांपुढे साहेब आहेत ते त्या स्टेशनवरचेच.

गाडी लागली, सामान चढलं, आणि वैशाली धावत आली. पॅकहाऊसमधून तशीच आलेली, डोक्यावर कंपनीची टोपी. तिने खिडकीतून एक कागद आत दिला. नोकरी पक्की झाल्याचं पत्र, त्याच दिवशी हातात आलेलं. साहेबांनी चोळला. उजेडाकडे धरला. "नव्वद जीएसएम," ते म्हणाले. "माणसं बरी दिसतात." मग चष्मा खाली आला.

तेवढ्यात गाडी हलली. वैशाली म्हणाली, "अंकल, कागद द्या ना." त्यांनी नाही दिला. गाडीचा खडखडाट सुरू झाला आणि त्या खडखडाटात ते खिडकीशी तोंड आणून, स्वयंपाकघराच्या दारात वाचायचे तसे वाचायला लागले. वैशाली प्रकाश पाटील, क्वालिटी सुपरवायझर. तेवढं वाचून त्यांनी कागद खिडकीबाहेर धरला. तो तिने चालता चालता घेतला. ते मात्र तिच्याकडे बघत नव्हते. माझ्या मागे उभ्या असलेल्या प्रकाशकडे बघत त्यांनी हात कानाला लावला.

"काय ऐकलं?"

प्रकाश फलाटावरून गाडीबरोबर दोन पावलं चालला. "सगळं ऐकलं, साहेब," तो म्हणाला.